खटला कोणाच्या न्यायालयात? हेन्री दुसरा, थॉमस बेकेट आणि चर्मपत्रावरची सत्ता

इ.स. ११६३ मध्ये इंग्लंडमधील बेडफर्ड येथे एक मिटलेले प्रकरण पुन्हा उकरून काढण्यात आले. चर्चच्या उत्पन्नावर नेमलेला फिलिप द ब्रॉय नावाचा धर्माधिकारी एका सरदाराच्या खुनाच्या आरोपातून पूर्वीच सुटला होता. त्याचा खटला राजाच्या न्यायालयात चालला नव्हता, तो लिंकनच्या बिशपसमोर चालला होता आणि तेथे त्याने शपथ घेऊन, आपली शपथ खरी आहे असे सांगणारे लोक उभे करून, स्वतःला निर्दोष ठरवून घेतले होते. राजाच्या फिरत्या न्यायाधीशाने हा आरोप पुन्हा काढताच फिलिपने भर सभेत त्याला शिव्या दिल्या. राजा हेन्री दुसरा संतापला, कारण न्यायाधीशाचा अपमान हा त्याच्या दृष्टीने त्याचा स्वतःचाच अपमान होता. तरीही फिलिपची पुढची चौकशी चर्चनेच केली. खुनाचा मुद्दा एकदा निकाली निघाला आहे असे सांगून तो बाजूला ठेवण्यात आला आणि शिवीगाळीबद्दल त्याला जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागले, शिवाय काही काळ त्याचे उत्पन्न बंद झाले. खुनाच्या आरोपापेक्षा शिवी महाग पडली, असे राजाला वाटले असल्यास नवल नाही.

असे घडू शकत होते याचे कारण बाराव्या शतकातील पश्चिम युरोपात एकाच भूमीवर दोन न्यायव्यवस्था नांदत होत्या. सामान्य माणसाने चोरी किंवा खून केला तर त्याचा न्याय सरंजामदार किंवा राजा करीत असे. पण डोक्याच्या मध्यभागी केस कापून चर्चच्या सेवेत शिरलेल्या माणसाचा न्याय फक्त चर्च करीत असे, आणि चर्चचे न्यायालय रक्त सांडणारी शिक्षा देऊ शकत नसल्यामुळे तेथे फाशी नव्हती की हातपाय तोडणे नव्हते. पदावरून दूर करणे, प्रायश्चित्त करायला लावणे किंवा मठात ठेवणे एवढ्यावरच शिक्षा थांबत असे. या सवलतीचे धनी केवळ मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, म्हणणारे धर्मगुरू नव्हते. विद्यार्थी, लेखनिक, सरदारांच्या पदरचे पत्रलेखक असा लिहितावाचता येणारा बहुतेक वर्ग चर्चच्या खालच्या पायऱ्यांवर कोठेतरी नोंदलेला असे. इंग्रजीतील ‘क्लार्क’ हा शब्द या वर्गाच्या नावावरूनच आला आहे. म्हणजे प्रश्न मूठभर साधूंचा नव्हता, कारकून म्हणता येईल अशा सगळ्या जमातीचा होता. हेन्रीच्या कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांत अशा लोकांनी शंभराहून अधिक खून केल्याची तक्रार राजापुढे मांडली गेली, असे न्यूबर्गच्या विल्यम या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. आकडा फुगवलेला असू शकेल. राजाची चीड मात्र खरी होती.

हा वाद हेन्रीने सुरू केलेला नव्हता. बिशप हा आत्म्यांची काळजी वाहणारा धर्माधिकारी असे, आणि त्याच वेळी तो हजारो एकर जमिनीचा मालक, सैनिक पुरवणारा सरंजामदार आणि राजाचा सल्लागारही असे. त्याची नेमणूक ज्याच्या हाती, त्याच्या हाती राज्याचा मोठा भाग. १०७५ पासून पोप सातवा ग्रेगरी आणि जर्मनीचा राजा, पुढे सम्राट झालेला चौथा हेन्री यांच्यात नेमके यावरून जुंपले. १०७७ च्या जानेवारीत या चौथ्या हेन्रीला इटलीतील कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात पश्चात्तापी म्हणून उभे राहावे लागले, आणि अखेर ११२२ मध्ये वर्म्स येथे तडजोड झाली. अंगठी आणि धर्मदंड ही आध्यात्मिक अधिकाराची चिन्हे चर्चने द्यायची, जमिनीचा अधिकार सम्राटाने द्यायचा, असा तिचा गाभा होता. इंग्लंडमध्ये अशी वाटणी ११०७ मध्येच झाली होती. नेमणुकीचा प्रश्न अशा रीतीने थोडाफार मिटला, पण गुन्हा, अपील आणि दंड यांचा प्रश्न तसाच राहिला. बोलोन्याला ग्रेशियन नावाच्या विद्वानाने ११४० च्या सुमारास चर्चचे विखुरलेले कायदे एका ग्रंथात सुसंगतपणे मांडल्यावर चर्चच्या न्यायालयांना आणखी बळ आले. रोमला अपील नेणाऱ्यांची संख्या वाढू लागली.

हेन्री दुसरा १९ डिसेंबर ११५४ रोजी वेस्टमिन्स्टरला राजा झाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याची आई मटिल्डा आणि तिचा आतेभाऊ स्टीफन यांच्यातील वारसायुद्धाने राज्य पोखरले होते. सरदारांनी परवानगीशिवाय किल्ले बांधले होते आणि राजाची जमीन वाटेल त्याने बळकावली होती. हेन्रीने हे किल्ले पाडले ही गोष्ट इतिहासात ठळकपणे सांगितली जाते. माझ्या मते त्याहून महत्त्वाचे काम एका टेबलावर झाले.

हे टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद होते, सोंगट्या पडू नयेत म्हणून त्याला चारी बाजूंनी चार बोटे उंचीची कड होती आणि त्यावर रेषांनी चौकटी पाडलेले काळे कापड अंथरलेले असे. बुद्धिबळाच्या पटासारखा दिसणारा हा पट म्हणजेच ‘एक्सचेकर’, राजाचा हिशेबाचा दरबार. वर्षातून दोनदा, ईस्टरच्या वेळी आणि सप्टेंबरअखेरच्या मायकलमसच्या सणाला, प्रत्येक परगण्याचा शेरीफ येथे हजर होई. (मुंबईच्या नगरपालाला आजही इंग्रजीत शेरीफच म्हणतात. ते पद आता मानाचे आहे, त्या काळी ते धास्तीचे होते.) एका बाजूला शेरीफने देणे असलेली रक्कम सोंगट्यांनी मांडली जाई, दुसऱ्या बाजूला त्याने भरलेली. पावती म्हणून लाकडाची पट्टी असे. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीची खाच, शंभरासाठी अंगठ्याएवढी, विसांसाठी करंगळीएवढी आणि एका पौंडासाठी भरलेल्या जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडल्यावर पट्टी उभी चिरून एक भाग शेरीफला दिला जाई आणि दुसरा खजिन्यात राही. दोन्ही भाग जुळवून पाहिले की खोटेपणा लगेच उघडा पडे, आणि अक्षरशत्रू माणसालाही तो बोटाने तपासता येई. शेवटी सारा हिशेब मेंढीच्या कातड्यावर उतरवून गुंडाळून ठेवला जाई. या गुंडाळ्यांना त्यांच्या आकारावरून ‘पाइप रोल’ म्हणतात, आणि हेन्रीच्या दुसऱ्या वर्षापासून त्यांची जवळजवळ अखंड मालिका आजही उपलब्ध आहे.

लिहून ठेवण्याची हीच सवय न्यायाच्या कामात उतरली. ज्याची जमीन बळकावली गेली होती त्याने राजाच्या कचेरीत ठरलेले शुल्क भरायचे आणि ‘रिट’ घ्यायचे. रिट म्हणजे राजमुद्रा लावलेली, चार ओळींची, शेरीफला उद्देशून काढलेली ताकीद. आपल्याकडे उच्च न्यायालयात दाखल होणाऱ्या रिट याचिकेतील ‘रिट’ हा शब्द याच परंपरेतून आला आहे. ताकीद पोचली की शेरीफने आसपासच्या बारा जाणत्या माणसांना राजाच्या न्यायाधीशांसमोर बोलवायचे आणि तेथे त्यांना शपथेवर एकच प्रश्न विचारला जाई: या माणसाला अमुक मुदतीत न्यायाशिवाय जमिनीवरून हुसकावले गेले काय? मूळ मालक कोण, ही गुंतागुंत नंतर पाहता येत होती. सरंजामदाराच्या न्यायालयात असा दावा द्वंद्वयुद्धापर्यंत जाऊ शके, राजाकडे तो तुलनेने लवकर सुटे. लोक आपल्या पायाने राजाच्या दारी येऊ लागले. सत्ता वाढते ती अशीही. जमीनदाराचा हक्क कोणी काढून घेतला नाही, त्याच्याकडे जाण्याचे कारण मात्र हळूहळू संपत गेले.

या व्यवस्थेला एकच मोठी भिंत आडवी येत होती, ती चर्चची, आणि ती ओलांडण्यासाठी हेन्रीने आपला सर्वांत विश्वासू माणूस निवडला.

थॉमस बेकेट हा लंडनच्या चीपसाइड भागातील, नॉर्मंडीहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख, म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या पदरी कारकुनी करीत तो वर आला आणि त्यांच्याच शिफारशीने ११५५ पर्यंत राजाचा चॅन्सेलर, म्हणजे राजमुद्रेचा आणि पत्रव्यवहाराचा प्रमुख झाला. राजाहून तो बारा-तेरा वर्षांनी मोठा होता. दोघांची जोडी एवढी जमली की शिकार, भोजन आणि मोहिमा यांत ते सोबत असत. ११५९ च्या तुलूझच्या मोहिमेत हा चर्चचा माणूस स्वतः सैनिकांची तुकडी घेऊन उतरला, आणि त्या मोहिमेसाठी चर्चवर बसवलेला जबर कर वसूल करतानाही तो कचरला नाही. थिओबाल्ड वारल्यावर हेन्रीचा हिशेब सरळ होता: राजमुद्रा आणि कँटरबरी एकाच मित्राच्या हाती असली की भिंतच राहणार नाही. बेकेट तेव्हा साधा दीक्षित धर्मगुरूही नव्हता. २ जून ११६२ रोजी त्याला दीक्षा देण्यात आली आणि ३ जूनला तो आर्चबिशप झाला.

थोड्याच काळात त्याने चॅन्सेलरपद सोडले. हा बदल खरा होता की भूमिका बदलताच नटाने वेषही बदलावा तसा होता, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. मला दुसरी शक्यता पहिलीच्या आड येते असे वाटत नाही. आयुष्यभर धन्याचे काम तळमळीने करणाऱ्या माणसाला आता वेगळा धनी मिळाला होता.

ऑक्टोबर ११६३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या सभेत हेन्रीने बिशपांना विचारले, राज्याच्या जुन्या रूढी तुम्हाला मान्य आहेत का? ‘आमच्या पदाच्या मर्यादेत’ मान्य आहेत, असे त्यांनी उत्तर दिले. या तीन शब्दांनी राजा इतका भडकला की त्याने बेकेटकडे असलेले दोन किल्ले काढून घेतले. बरीच मनधरणी झाल्यावर बेकेटने मान तुकवली आणि जानेवारी ११६४ मध्ये सॉल्सबरीजवळील क्लॅरेंडनच्या शिकारवाड्यात सभा भरली. रूढी तोंडी मान्य करून विषय संपेल, अशी बिशपांची समजूत होती. राजाने मात्र सोळा कलमांचा लेख पुढे ठेवला.

त्यांतील तिसरे कलम सर्वांत प्रसिद्ध आहे. त्यानुसार आरोपी धर्माधिकाऱ्याने आधी राजाच्या न्यायालयात हजर व्हायचे, तेथून त्याला चर्चच्या न्यायालयात पाठवायचे, तेथील कामकाजावर राजाचा माणूस लक्ष ठेवील, आणि दोष सिद्ध झाला की चर्चने त्याला पाठीशी घालायचे नाही. म्हणजे चर्चने पद काढून घ्यायचे आणि मग सामान्य माणसाला होणारी शिक्षा राजाने द्यायची. चौथ्या कलमाने राजाच्या परवानगीशिवाय बिशपांना देश सोडण्यास मनाई केली. सातव्यानुसार राजाच्या थेट सरंजामदारांना राजाला कळवल्याशिवाय बहिष्कृत करता येणार नव्हते. आठव्याने अपिलाची वाट आर्चबिशपांपाशी थांबवली आणि पुढे राजाच्या संमतीशिवाय ती जाऊ नये असे ठरवले, म्हणजे रोमचा दरवाजा लावून घेतला. बाराव्या कलमाप्रमाणे रिकाम्या पडलेल्या बिशपपदाचे उत्पन्न राजाच्या खजिन्यात जाणार होते, तेव्हा पद जितके दिवस रिकामे तितका राजाचा लाभ.

बेकेटचा तिसऱ्या कलमावरचा आक्षेप एका वाक्यात सांगता येतो: एका अपराधासाठी देव दोनदा न्याय करीत नाही. पद गेले ही शिक्षा झाली, मग त्याच गुन्ह्यासाठी फाशी कशी? हे तत्त्व आज आपल्याला ओळखीचे वाटेल. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मध्ये एकाच अपराधाबद्दल दोनदा खटला आणि शिक्षा होण्यास मनाई आहे. राजाच्या बाजूनेही भक्कम उत्तर होते. येथे दोन खटले नव्हतेच. एकच खटला होता आणि त्याची शिक्षा दोन हातांनी दिली जात होती.

यांतील बऱ्याच रूढी खरोखरच हेन्रीच्या आजोबांच्या काळापासून चालत आल्या होत्या. मग एवढा गदारोळ का झाला? तोंडी रूढी सैल असते. प्रसंग पाहून तिच्याकडे काणाडोळा करता येतो आणि दोन्ही बाजूंची अब्रू राहते. लिहिलेल्या कलमाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर असते. राजाची आई मटिल्डा ही काही चर्चची पक्षपाती नव्हती, पण या रूढी लेखी करण्यात चूक झाली असे तिचेही मत पडले. लेखाच्या तीन प्रती एकाच चर्मपत्रावर लिहून कापण्यात आल्या. एक बेकेटच्या हाती देण्यात आली, एक यॉर्कच्या आर्चबिशपच्या आणि एक राजाच्या दप्तरात गेली. बेकेटने आपली प्रत घेतली, मात्र तिच्यावर मोहोर उठवली नाही. थोड्याच दिवसांत त्याला आपल्या तोंडी होकाराचाही पश्चात्ताप होऊ लागला.

राजाने मग हिशेबाचे शस्त्र काढले. ऑक्टोबर ११६४ मध्ये नॉर्थम्प्टनच्या सभेत बेकेटवर आधी न्यायालयाच्या अवमानाचा ठपका ठेवण्यात आला आणि पाठोपाठ चॅन्सेलर असताना हातून गेलेल्या सगळ्या पैशांचा हिशेब मागण्यात आला. शेवटच्या दिवशी बेकेट स्वतःच्या हातात क्रूस धरून सभागृहात शिरला. आर्चबिशपचा क्रूस एरवी सेवक धरीत असे, त्यामुळे या कृतीचा अर्थ सगळ्यांना कळला. लंडनचा बिशप गिल्बर्ट फोलिओट तेव्हा म्हणाला की हा माणूस नेहमीच मूर्ख होता आणि नेहमीच राहील. बेकेट रातोरात निसटला आणि नोव्हेंबरच्या आरंभी खाडी ओलांडून फ्रान्सला पोचला. हेन्रीने त्याच्या नातेवाइकांना, बायकामुलांसह, देशाबाहेर घालवले.

पुढची सहा वर्षे पत्रे, शिष्टाई आणि बहिष्कार यांत गेली. फ्रान्सचा राजा सातवा लुई बेकेटला आनंदाने आसरा देत होता, कारण हेन्रीचा मुलूख स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंत पसरला होता आणि फ्रान्समधील लुईच्या स्वतःच्या प्रदेशाहून तो कितीतरी मोठा होता. पोप तिसरा अलेक्झांडर मनाने बेकेटच्या बाजूचा होता, पण त्याच्याविरुद्ध सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने दुसराच पोप उभा केला होता. हेन्रीही तिकडे गेला असता तर अलेक्झांडरचे आसन डळमळले असते. म्हणून पोपने एका हाताने बेकेटला बळ दिले आणि दुसऱ्या हाताने त्याला आवरून धरले.

जून ११७० मध्ये हेन्रीने आपल्या थोरल्या मुलाचा राज्याभिषेक यॉर्कच्या आर्चबिशपकडून करवून घेतला. राजाला मुकुट घालणे हा कँटरबरीचा जुना मान होता. या अपमानामुळे पोपचा संयम संपण्याची चिन्हे दिसू लागली आणि हेन्रीने जुलैत फ्रेतव्हालजवळ बेकेटशी घाईने समेट केला. या समेटात क्लॅरेंडनच्या कलमांचा शब्दही निघाला नाही. १ डिसेंबरला बेकेट सँडविच बंदरावर उतरला, पण येण्याआधीच त्याने त्या राज्याभिषेकात भाग घेतलेल्या बिशपांवर कारवाईची पत्रे धाडली होती. ते बिशप नॉर्मंडीत राजापाशी पोचले तेव्हा हेन्रीचा तोल गेला. ‘या उपद्व्यापी धर्मगुरूपासून माझी कोणी सुटका करील काय?’ हे त्याच्या तोंडी घातले जाणारे लोकप्रिय वाक्य त्या काळच्या लेखनात त्या शब्दांत आढळत नाही. एडवर्ड ग्रिम या त्या काळच्या धर्माधिकाऱ्याच्या वृत्तान्तातील राजा आपण पोसलेल्या माणसांना दोष देतो, की एक हलक्या कुळातला कारकून आपल्या धन्याची विटंबना करतो आणि ते ती पाहत बसतात. चार सरदारांनी ते ऐकले आणि निरोप न घेता घोडी काढली.

२९ डिसेंबरच्या संध्याकाळी ते कँटरबरीला पोचले. भिक्षूंना चर्चची दारे लावून घ्यायची होती, पण देवाच्या घराचा किल्ला करू नका असे सांगून बेकेटने ती उघडी ठेवायला लावली. पाहुणा म्हणून आलेला ग्रिम त्याच्या शेजारी उभा होता आणि पहिल्या वारात त्याचा स्वतःचा हात जखमी झाला. शेवटच्या वाराच्या जोराने तलवारीचे टोक फरशीवर आपटून तुटले. मृतदेहावरची वस्त्रे उतरवताना आत केसांचा टोचणारा सदरा निघाला, आणि त्याच्या थाटामाटाविषयी कुजबुजणारे भिक्षू तेथेच हरले.

बेकेटला ११७३ च्या फेब्रुवारीत संतपद मिळाले. मे ११७२ मध्ये आव्राँश येथे हेन्रीने शपथ घेतली की आपण खुनाचा हुकूम दिला नव्हता. त्याने रोमकडील अपिले मोकळी केली आणि पवित्र भूमीच्या रक्षणासाठी दोनशे सरदारांचा वर्षभराचा खर्च कबूल केला. जुलै ११७४ मध्ये, स्वतःच्या मुलांचे बंड पेटलेले असताना, तो कँटरबरीत अनवाणी चालत गेला आणि भिक्षूंकडून पाठीवर फटके घेतले. दुसऱ्याच दिवशी बंडाला साथ देणारा स्कॉटलंडचा राजा पकडला गेला, आणि लोकांनी दोन गोष्टींचा संबंध जोडायला वेळ लावला नाही.

पण कलमे एकेक करून तपासली तर चित्र वेगळे दिसते. ११७६ मध्ये हेन्रीने मान्य केले की राजाच्या राखीव जंगलातील गुन्हे वगळता धर्माधिकाऱ्यांवर राजाच्या न्यायालयात फौजदारी खटला चालणार नाही. तिसरे कलम गेले. चर्चमध्ये धर्मगुरू नेमण्याचा हक्क कोणाचा, हा वाद मात्र मालमत्तेचा म्हणून राजाकडेच राहिला. रिकामे बिशपपद वर्षाहून अधिक काळ न ठेवण्याचे वचन ‘निकडीची गरज नसेल तर’ या शब्दांनी पोकळ झाले. ११७३ मध्ये विंचेस्टर आणि ईलीच्या बिशपपदी जे दोघे बसले ते राजाचे जुने नोकर होते आणि बेकेटचे जुने विरोधकही. दरम्यान ११६६ च्या क्लॅरेंडनच्या फर्मानाने प्रत्येक विभागातील बारा माणसांना दरोडेखोर आणि खुनी यांची नावे शपथेवर सांगायला लावले होते. आरोपीला पाण्याचे दिव्य करावे लागे. बांधून मंतरलेल्या पाण्यात सोडल्यावर बुडाला तर निर्दोष, तरंगला तर दोषी. ११७६ मध्ये राज्याचे सहा भाग करून अठरा फिरते न्यायाधीश नेमले गेले. पुढे १२१५ मध्ये चर्चनेच धर्मगुरूंना दिव्यात भाग घेण्यास बंदी केली, तेव्हा दोष ठरवायचा कसा या अडचणीतून इंग्लंडमध्ये निर्णय देणारी ज्यूरी पुढे आली.

आणि जे तिसरे कलम राजा हरला, त्याचे काय झाले? आरोपी खरोखर चर्चचा आहे की नाही हे कोणीतरी ठरवायला हवे होते, आणि कालांतराने ते राजाचे न्यायाधीश ठरवू लागले. त्यांची कसोटी सोपी होती: समोर ठेवलेले लॅटिन वाचून दाखव. बहुधा स्तोत्रसंहितेतील एकच ठरलेला श्लोक पुढे ठेवला जाई, त्यामुळे तो पाठ करून येणारेही सुटू लागले आणि फासापासून मान वाचवणारा म्हणून लोक त्याला ‘मानेचा श्लोक’ म्हणू लागले. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने बेकेटची समाधी उद्ध्वस्त केली आणि त्याचे नाव प्रार्थनापुस्तकांतून खोडण्याचा हुकूम काढला, तरी ही सवलत टिकली. १५९८ मध्ये द्वंद्वात माणूस मारलेला नाटककार बेन जॉन्सन हा काही धर्मगुरू नव्हता, पण तो याच वाचनाने फाशीतून वाचला. त्याच्या अंगठ्यावर डाग देण्यात आला, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा वाचायला उभा राहिला तर न्यायाधीशाला कळावे. ब्रिटिश संसदेने ही सवलत १८२७ मध्ये रद्द केली.